डाव्या हाताचं फूल

तिने माझ्या हातातली क्रीमची बरणी काढून घेतली आणि पुसली.

ओढून नाही घेतली. ओढली असती तर मी भांडले असते, भांडायला मला कधी कुणी शिकवावं लागलं नाही. दोन बोटांनी, सावकाश, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी घेतली. काऊंटरखालून पिवळा फडका काढला. काचेवर माझी बोटं लागली होती तिथे फिरवला. मग झाकण पुसलं. मग बूड पुसलं. बुडाला तर माझा हात लागलाही नव्हता. मग बरणी परत वरच्या फळीवर ठेवली, खाली वाकली आणि एक पत्र्याची डबी काऊंटरवर आपटली.

"तुम्हारे लिए ये है. वो तुम्हारे काम का नहीं."

"पैसे हैं," मी म्हटलं. मूठ उघडून दाखवली. तीनशे रुपये होते. चाळीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले.

"पैसे की बात नहीं है," ती म्हणाली.

मग कशाची बात आहे? हे मी तेव्हा विचारलं नाही. पण तो प्रश्न तिथेच, त्या एसीच्या गारव्यात माझ्या डोक्यात शिरला आणि आजपर्यंत बाहेर पडलेला नाही.

आई माझ्या शेजारी उभी होती. तिचे दोन्ही हात पदराखाली.

ते दुकान मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर होतं. काचेचं दार, आत आरसेच आरसे. दोन हजार चार की पाच साल असेल, मिसकॉल देऊन माणसं एकमेकांना बोलावायची तो काळ. आम्ही राहायचो भाईंदर पूर्वेला, चाळीत. वडील परभणीकडून आलेले, एका शाळेत शिपाई. आई सिल्व्हर पार्कमधल्या चार घरांत भांडी घासायची. त्या भांड्यांच्या पावडरीने तिचे हात फाटले होते. फाटले म्हणजे नुसते खरखरीत नाही हो. बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा. भाकरीचं पीठ मळताना त्यात मीठ गेलं की ती दात-ओठ आवळायची, पण तोंडातून आवाज नाही.

तिच्या चार घरांपैकी एक घर वहिनींचं. वहिनी म्हणजे दादरहून तिकडे राहायला आलेल्या, आपल्यातल्याच मराठी. आपल्यातल्या असं मी म्हणतेय, त्या म्हणणार नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला आडनाव विचारलं होतं. ऐकून "बरं बरं" म्हणाल्या होत्या. त्यांच्या ड्रेसिंग टेबलावर ती काचेची, सोनेरी झाकणाची बरणी असायची. संपली की रिकामी आईला द्यायच्या. आमच्या घरी फळीवर अशा सहा बरण्या ओळीने होत्या. एकीत मोहरी, एकीत हळद, एकीत खडीसाखर. च्यायला, आमची मोहरी दोनशे चाळीस रुपयांच्या बरणीत राहायची!

नवी रिकामी बरणी आली की आई आधी आत बोट फिरवायची. कडेला राहिलेलं काढून भेगांना चोळायची. "लय भारी असती गं ही," म्हणायची. म्हणून मला वाटलं, एकदा हिला भरलेली बरणी आणून द्यावी. पूर्ण भरलेली. झाकण हिने पहिल्यांदा उघडावं. एवढंच होतं माझ्या मनात त्या दिवशी.

दुकानातली ती बाई, सगळे तिला भाभी म्हणायचे, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती.

"पढ़ी-लिखी है?"

"बारहवी. सायन्स."

"हाथ साफ चलता है? भायंदर में हमारा गाला है. ये माल उधर भरते हैं. लगाने का छोड़, भरने को आ जा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही बोलणार, तेवढ्यात आईच बोलली, "येईल, येईल. उद्यापासून येईल." आणि डबीचे अठरा रुपये काढून दिले. बाहेर आल्यावर ती खूश होती. क्रीम घ्यायला गेलो, नोकरी घेऊन आलो म्हणाली. मी तिला म्हटलं, "आई, तिने बरणी पुसली." आई म्हणाली, "दुकान हाय लेकरा, पुसतेतच."

आणि मी गेले. हे मी लपवत नाही. जिने मला पुसलं तिच्याकडेच दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी चप्पल बाहेर काढून उभी होते.

गाला म्हणजे छोट्या कारखान्याची खोली, पहिल्या मजल्यावर. बाहेर पाटी नाही, नुसता नंबर. आत आम्ही सहा बायका. मधोमध स्टीलचं मोठं पातेलं, माझ्या छातीपर्यंत येईल एवढं, वरून मोटरवर फिरणारा दांडा. सकाळी मेण वितळवायचं, तेल ओतायचं, गरम पाणी, पांढऱ्या पुड्या. घुसळत घुसळत थंड व्हायला दुपार. श्रीखंडासारखं घट्ट झालं की भरायला सुरुवात. एका टेबलावर पत्र्याच्या डब्या. दुसऱ्या टेबलावर त्याच, वहिनींच्या बरण्या.

पातेलं एक.

मला वाटलं, बरण्यांचं पातेलं नंतर येणार. मी वाट बघत बसले. जेवणाची सुट्टी झाली. शेवटी शेजारच्या हिराबायला विचारलं. हिराबाय राई गावची, खाडीकाठची. तिच्या सासऱ्यांच्या शेतावर बिल्डिंगी झाल्या आणि ती भरायला आली. कोपऱ्याने कपाळ पुसत तिने माझ्याकडे पाहिलं.

"दुसरा टोप कंचा? आगो, टोप योच हाय. दुसरा न्हाय."

"मग महागातलं?"

"योच."

"आणि स्वस्तातलं?"

"योच गो बाय! तू बारावी झालीस ना?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण माझा डबा तसाच झाकून ठेवला.

अगदीच फरक नव्हता असं नाही, खोटं कशाला बोलू. बरणीच्या मालात, पातेल्यातून बाजूला काढल्यावर, वेगळा सेंट पडायचा आणि गुलाबी रंगाचे दोन-चार थेंब. डबीच्या मालात साधा सेंट. डबीचं नाव वेगळं, बरणीचं नाव वेगळं. डबीवर पत्ता भाईंदरचा, बरणीवर मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसचा. डब्या जायच्या गावोगावच्या बाजारांत, बरण्या जायच्या काचेच्या दारांच्या दुकानांत. दोघी सख्ख्या बहिणी, पण एकमेकींना ओळख द्यायच्या नाहीत.

आणि एक फरक होता तो फुलाचा.

डबी भरली की सुरीने वरून सपाट करायची. बरणी भरली की सुरीचं टोक मधोमध दाबायचं, मनगट गर्रकन फिरवायचं आणि सुरी वर उचलायची. मग क्रीमला पाकळ्यांसारखे वळसे पडतात आणि मधे टोक उभं राहतं. त्याला गाल्यात फूल म्हणायचे. झाकण उघडलं की बाईला आधी फूल दिसलं पाहिजे. आपल्याआधी याला कुणाचा हात लागलेला नाही असं तिला वाटलं पाहिजे. म्हणून ते हाताने करायचं! मला या गोष्टीचं आजही हसू येतं.

माझं फूल पहिल्याच आठवड्यात सगळ्यांपेक्षा चांगलं यायला लागलं. फक्त उलटं. मी डावखुरी आहे. लहानपणी त्यासाठी बाईंच्या पट्ट्या खाल्ल्या, "उजव्या हातानं जेव" म्हणून आईच्या चापट्या खाल्ल्या, पण हात काही बदलला नाही. सगळ्या बायकांचे वळसे उजवीकडे, माझे डावीकडे. पन्नास बरण्यांत हिराबाय माझी बरोबर काढून दाखवायची. "ही तुजी. ही बी तुजी." भाभी आठवड्यातून दोनदा यायची, रांगा मोजायची, झाकणं घट्ट आहेत का बघायची. फुलं कुठल्या बाजूला वळलीत हे तिने कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. बरण्या संपल्या होत्या, डब्या भरायला घेतल्या आणि हात आपला फिरत राहिला. सवयीने मी आख्ख्या ट्रेमध्ये डब्यांत फुलं काढून ठेवली. नेमकी भाभी आली.

"सस्तेवाले में फूल? पागल है क्या? सब काट!"

मी म्हटलं, "भाभी, माल तो वही है."

"इसीलिए तो बोल रही हूँ!" ती ओरडली. आणि लगेच रांगा मोजायला वळली. बोलू नये ते बोलून गेली होती. मी सुरी घेतली आणि एकेक फूल कापलं. चाळीस-पन्नास फुलं. माझ्याच हाताने.

तेव्हापासून माझं डोकं फिरलं. मी शेठना विचारलं, माल एकच तर भाव दोन कसे? शेठ, भाभीचा नवरा, तसा मऊ माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. खुर्चीत बसवून त्याने मला समजावलं. काचेचे पैसे. खोक्याचे पैसे. दुकानाचं भाडं. पेपरातली जाहिरात. दुकानदाराचं कमिशन. "बेटा, क्रीम तो सबसे सस्ती चीज़ है इसमें." प्रेमाने सांगितलं त्याने. मी मान डोलावली. काच महाग असते, मान्य. भाडं असतं, मान्य. पण काच तोंडाला लावतात का? खोकं हाताच्या भेगांत भरतात का? आणि एवढं सगळं पैशातच मोजायचं होतं, तर माझ्याकडे पैसे असताना तुझी बायको 'पैसे की बात नहीं' का म्हणाली?

हे मी बोलले नाही. पण मला संशयाचा रोगच लागला. चहापत्तीचा पुडा उलटा करून वाचायचे. साबण वाचायचे. डॉक्टर गोळी लिहायचा तर केमिस्टला विचारायचे, हीच दुसऱ्या नावाची आहे का हो? घरचे कंटाळले. वडील म्हणाले, "पोरगी जेवताना भाताकडे बी वाकड्या नजरेनं बघायली." मी स्वतःवरही संशय घेतला. म्हटलं, आपण बारावी शिकलेली पोरगी, आपल्याला काय कळतंय? असेल त्या गुलाबी थेंबात काहीतरी. मोठमोठ्या घरच्या बायका, शिकलेल्या, त्या का फसतील?

मग मी आईवरच प्रयोग केला. झाकणाला पोचा आलेली बरणी आम्हाला घरी न्यायला मिळायची. एक बरणी आणली, एक डबी आणली. तीन आठवडे रोज संध्याकाळी आई कामावरून आली की तिच्या उजव्या हाताला बरणीतलं आणि डाव्या हाताला डबीतलं. मी स्वतः लावायचे. चोळून, भेगेभेगेत. तीन आठवड्यांनी दोन्ही हात खिडकीपाशी उजेडात धरले. दोन्हीकडच्या चिरा सारख्याच मिटत आल्या होत्या. पेरन् पेर सारखं. मला एवढा आनंद झाला, वाटलं आता आईला सगळं सांगून टाकावं.

"कोणता हात जास्त बरा वाटतोय आई?"

तिने विचारसुद्धा केला नाही. "ह्यो," म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. "वहिनीच्या बरणीतली ती. तिची सर नाय कशाला."

तेव्हा मला रडू आलं. भाभीने बरणी पुसली तेव्हा नव्हतं आलं. दोन्ही मी भरलेल्या. एकाच पातेल्यातून, एकाच दिवशी. आणि माझी आई स्वतःच्या हातापेक्षा वहिनींच्या बरणीवर विश्वास ठेवत होती. ती फडका फिरवणारी बाई आमच्या घरात, आईच्या आत जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी डब्यांत फूल काढायला लागले. मुद्दाम. भाभी नसेल त्या दिवशी, पटकन झाकण लावायचं. टोक झाकणाला टेकून जरा चेपायचं, पण वळसे राहायचे. हिराबायने पहिल्याच दिवशी पाहिलं. मी थांबले. ती म्हणाली, "घाल. आपल्याच बाया उगडतीन."

दिवाळीच्या आधी भाभीने मला बाजूला बोलावलं. सिल्व्हर पार्कमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी डेमो ठेवला होता. "तू चल मेरे साथ. अच्छा हुआ तो तुझे दुकान में काउंटर पे बिठाऊँगी."

काऊंटर! बसायला खुर्ची. गाल्याच्या जवळजवळ दुप्पट पगार. आईची दोन घरं सुटली असती. मी लगेच हो म्हटलं. इतकं सगळं बघून, कळून, हो म्हटलं. गरज माणसाला काय काय हो म्हणायला लावते ते मला माहीत आहे, मला कुणी शहाणपण सांगू नये.

मग भाभी म्हणाली, "दो दिन लेफ्ट हाथ सोडे के पानी में डाल. कुछ लगाना मत. राइट पे रोज़ क्रीम लगा." डावा हात म्हणजे बाजारातली स्वस्त क्रीम लावणारीचा. उजवा हात म्हणजे तिच्या बरणीचा.

मी डावा हात बुडवला. घरी, धुण्याच्या सोड्याच्या बादलीत, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी चुणचुणला. दुसऱ्या दिवशी पांढरा पडला, पेरांवर चिरा आल्या. ज्या हाताने मी जेवते, लिहिते, फूल काढते, तो. आई कामावरून आली आणि बादलीपाशी उभी राहिली.

"काय करायलीस गं?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही नाही, काम आहे, म्हटलं. तिने माझा हात धरून वर केला. स्वतःचा, क्रीम लावायचं सुटल्यापासून परत फाटलेला, त्याच्याशेजारी धरला.

"माझा हात करून घेतलास व्हय," म्हणाली. "दाखवायला."

एवढंच बोलली आणि चुलीकडे गेली. मला वाटलं जमीन फाटावी. तरी दुसऱ्या दिवशी मी हॉलवर गेले.

ती सोसायटी वहिनींचीच निघाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर बरण्यांचा मनोरा आणि बाजूला तुलनेला म्हणून एक डबी. डबीवरचं नाव भाभीने कागद चिकटवून झाकलं होतं. तीस-एक बायका. पहिल्या रांगेत वहिनी. आणि मागच्या दारातून पाण्याचे ग्लास घेऊन कोण आलं? माझी आई. वहिनींनी तिला वाढायला बोलावलं होतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि न ओळखल्यासारखं केलं. दोघींनीही.

भाभीने माईक घेतला. गोड बोलली. मग माझा डावा हात मनगटाला धरून वर उचलला. "देखिए, सस्ती क्रीम लगानेवाली का हाथ."

"ईऽऽ," खुर्च्यांमधून आवाज आला. एकीने नाक मुरडलं. एक जण लांबूनच मान पुढे करून बघत होती.

वहिनी हसत म्हणाल्या, "अगं बाई, अगदी आमच्या मावशींचा हात! मावशी, इकडे या बघू. दाखवा तुमचा."

आईने ट्रे खाली ठेवला. हात पदराखाली घेतले.

"दाखवा ना, लाजायचं काय त्यात?"

आई जागची हलली नाही. बायका माना वळवून तिच्याकडे बघायला लागल्या. भाभी माईकमध्ये म्हणाली, "हाँ हाँ, आइए ना मावशी." आणि आई एक पाऊल पुढे आली. हात पदराबाहेर काढायला लागली. तिला नाही म्हणायची सवयच नव्हती.

मी मनगट हिसडलं.

"आई, हात आत घे," मी म्हटलं.

मी टेबलावरची डबी उचलली, नखाने वरचा कागद फाडला. मनोऱ्यातली बरणी ओढली, तीन-चार बरण्या गडगडल्या. दोन्हींची झाकणं सैल केली. खरं सांगते, डबी कुणाच्या हातची आहे मला ठाऊक नव्हतं. उघडली. फूल होतं. जरा चेपलेलं. वळसे डावीकडे. बरणीतलं बघितलं. डावीकडे.

"हे दोन्ही मी भरलंय," मी म्हटलं. माईक नव्हता, गरजही नव्हती. "एका पातेल्यातलं आहे. यात वास वेगळा आणि रंगाचे चार थेंब. हे वळण बघा, उलटं आहे, मी डावखुरी आहे. आणि हा हात क्रीमने असा झालेला नाही. दोन दिवस सोड्यात बुडवलाय, ह्यांनी सांगितलं म्हणून. आणि ही माझी आई आहे. तिचा हात तुमच्या भांड्यांनी असा झालाय. बघायचा असेल तर तुमची भांडी बघा."

"झूठ बोलती है! पागल हो गई है लड़की!" भाभीचा आवाज माईकमध्ये किंचाळला.

मी डबी आणि बरणी वहिनींच्या पुढ्यात धरल्या. त्या शिकलेल्या. बँकेत होत्या. त्यांनी आधी डबीत पाहिलं, मग बरणीत. चष्मा वर करून नीट पाहिलं. वास घेतला. वळसे पाहिले. मला दिसलं त्यांच्या चेहऱ्यावर, त्यांना पटलं होतं. माझ्या मनात आलं, आता ही बाई भाभीला जाब विचारेल.

वहिनींनी डबी टेबलावर ठेवली.

"असेल गं तू म्हणतेस तसं," त्या हळूच म्हणाल्या. "पण म्हणून काय मी ती डबी घरात ठेवू? ती तर आमच्या मावशी पण लावतात."

आणि बरणी भाभीकडे देऊन म्हणाल्या, "दोन द्या. पॅक करून."

झालं. मिळालं मला उत्तर. पैसे की बात नहीं है म्हणजे कशाची बात आहे, ते एवढ्या महिन्यांनी एका मराठी बाईने मला मराठीत सांगितलं. काचेचे नाहीत, भाड्याचे नाहीत, गुलाबी थेंबांचे नाहीत. अठरा आणि दोनशे चाळीसच्या मधलं जे आहे, ते माझ्या आईसारखं नसण्याचे पैसे आहेत. ते त्या हसत हसत मोजतात. क्रीम त्याच्यासोबत येते, एवढंच.

भाभीने मला तिथेच काढून टाकलं. आईचं वहिनींचं काम गेलं, आणि त्याच बिल्डिंगमधलं आणखी एक घर गेलं. परत येताना आई रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत होती. घरात येऊन मला म्हणाली, "मोठी आलीस सांगणारी. उद्या खायचं काय?" आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तिने मला शाबासकी दिली, मिठी मारली असं काही झालं नाही. ती आजही त्या दिवसाचा विषय निघाला की उठून जाते. मला तिचा राग येतो आणि माझी मलाच लाज वाटते, की तिच्या पोटावर मी पाय दिला. दोन्ही खरं आहे.

आठ दिवसांनी मी फळीवरच्या सहाच्या सहा बरण्या रिकाम्या केल्या. मोहरी, हळद, साखर, सगळं स्टीलच्या डब्यांत भरलं आणि बरण्या भंगारात दिल्या. आई बघत होती. अडवलं नाही तिने.

माझ्या डाव्या हाताची कातडी महिन्याभरात भरून आली. डबीतलीच लावली. आता मी दुसरीकडे नोकरी करते, कुठे ते सांगायची गरज नाही. हा हात मी पुन्हा कुणाला दाखवायला देणार नाही. कुणाच्या खुर्चीसाठी नाही, कुणाच्या पगारासाठी नाही. आणि माझ्या घरातलं कुणी हात पदराखाली घेऊन उभं राहणार नाही, मग त्यासाठी घरातला चहा बंद झाला तरी चालेल.

अजून एक करते. मीरा रोडला गेले की एखाद्या काचेच्या दाराच्या दुकानात शिरते. सरळ काऊंटरवर जाते आणि वरच्या फळीवरची सगळ्यात महागडी बरणी मागते. दोन्ही हातांनी धरते. दहाची दहा बोटं काचेवर दाबून. उलटी करते, मागचं बारीक अक्षर पूर्ण वाचते, घाई करत नाही. झाकण उघडते आणि फूल कुठल्या बाजूला वळलंय ते बघते. मग मोठ्याने विचारते, "इसमें ऐसा क्या है जो नीचेवाले में नहीं?" अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

मग मी बरणी काऊंटरवर ठेवते.

"नको," म्हणते. "घ्या पुसून."